घरगुती ऊर्जाबचतीचा सल्ला आणि सल्ला देणाऱ्या संस्थांची सचोटी

बी-बियाणें, खतें व औषधें यांसंबंधीं सल्ला देणारे लोक शेतकऱ्याच्या दारीं येतात, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. त्यांच्या बोलण्यांत सल्ला किती आणि विक्री किती, हें ओळखण्याचें शहाणपण आपल्या शेतकरी बंधूंस अनुभवानें बऱ्याच अंशीं आलेलें आहे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत एक निराळाच सल्लागारवर्ग खेड्यापाड्यांतून फिरूं लागला आहे. हा वर्ग शेतांत जात नाहीं. तो घरांत येतो. विजेचें बिल पाहतो, छपराकडे पाहतो, चुलीकडे पाहतो, आणि इतके रुपये घाला म्हणजे इतके रुपये वांचतील, असा हिशेब मांडतो. त्यांत वीज-उपकरणांचे विक्रेते आहेत, छपरावर सौरपट्ट्या बसविणाऱ्या कंपन्यांचे दलाल आहेत, सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते आहेत, सहकारी संघ आहेत आणि बचतगटही आहेत. ह्या सर्वांचा सल्ला सारख्याच मोलाचा असतो काय, आणि नसल्यास त्यांतला ग्राह्य कोणता हें सामान्य कुटुंबानें कसें ओळखावें, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमचें मत आरंभींच सांगतों. असा सल्ला देणाऱ्या संस्थांनीं कायद्याची वाट न पाहतां, स्वतः होऊन कांहीं किमान नियम स्वीकारावे, ते छापून प्रसिद्ध करावे, आणि त्या नियमांच्या कसोटीवर आपलें काम दुसऱ्यांस तपासूं द्यावें. ह्या कामीं शेतकऱ्यांच्या सहकारी संघांनीं पहिलें पाऊल टाकावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हा सल्ला मुळांत उपयोगाचा आहे, हें मान्य केलें पाहिजे. साठ वॉटचा जुना तारेचा दिवा रोज सहा तास जळला तर महिन्याला सुमारें अकरा युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा दोन युनिटांहूनही कमी खातो. पंचाहत्तर वॉटचा पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला सत्तावीस युनिट लागतात. तीस वॉटच्या नव्या पंख्यास अकरा पुरतात. जानेवारी २०१५ मध्यें सुरू झालेल्या 'उजाला' योजनेंत सरकारी खरेदीमुळें एलईडी दिव्याची किंमत कशी कोसळली, हें सर्वांनीं पाहिलें आहे. २०१४ च्या आरंभीं ज्या दिव्याची खरेदी सुमारें ३१० रुपयांस होत होती, तो २०१६ मध्यें ३८ रुपयांस मिळूं लागला. आणि ह्या योजनेखालीं पुढें ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. साधी, खरी आणि वेळेवर मिळालेली माहिती कुटुंबाचा पैसा वांचविते, ह्याचें याहून मोठें उदाहरण शोधावयास नको.

परंतु दिव्याची गोष्ट सोपी आहे. दिवा वाईट निघाला तर शंभर रुपयांच्या आंत नुकसान. मोठ्या वस्तूंचें तसें नाहीं. सौरपट्ट्यांची उभारणी, गोबरगॅसचा संच, नवा शीतपेटीचा सांचा, घराच्या पत्र्याखालील उष्णतारोधक थर, ह्या गोष्टींस कुटुंबाची दोन-तीन वर्षांची शिल्लक लागते, नाहीं तर कर्ज काढावें लागतें. येथें चुकीचा सल्ला मिळाला तर नुसता पैसा जात नाहीं. चांगल्या वस्तूवरचा विश्वासही जातो, आणि तो एका घराचा न जातां सगळ्या आळीचा जातो. एका घरचा गोबरगॅस बंद पडला म्हणजे शेजारचीं दहा घरें त्या वाटेस जात नाहींत, हें कोणासही सांगावयास नको.

आतां वाईट सल्ला कसा असतो, त्याचे कांहीं प्रकार पाहूं.

पहिला प्रकार निव्वळ फसवणुकीचा. भिंतीवरच्या सॉकेटमध्यें खोचण्याची एक लहानशी पेटी विकली जाते आणि तिनें बिल तिसऱ्या हिश्श्यानें कमी होईल असें सांगण्यांत येतें. त्या पेटींत बहुधा एक कपॅसिटर असतो. कपॅसिटरनें पॉवर फॅक्टर सुधारतो हें खरें. परंतु घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्ची पडलेल्या युनिटांचीच मोजदाद करतो, त्यामुळें घरच्या बिलांत त्या पेटीपासून कांहीं फरक पडत नाहीं. ज्यास मीटर कसा मोजतो एवढें ठाऊक आहे, तो ही पेटी घेणार नाहीं. पण हें त्यास सांगणार कोण?

दुसरा प्रकार अर्धसत्याचा, आणि तो अधिक घातक. फेब्रुवारी २०२४ मध्यें मंजूर झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस दर किलोवॅटमागें ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें. ह्याच योजनेच्या मार्गदर्शनांत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरास एक ते दोन किलोवॅट, आणि १५० ते ३०० युनिट वापरणाऱ्यास दोन ते तीन किलोवॅट पुरेसे म्हटले आहेत. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पट्ट्या सरासरीनें दिवसाला चार युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारें १२० युनिट वीज देतात. ज्या शेतकरी कुटुंबाचा वापर महिन्याला साठ-सत्तर युनिटांचा आहे, त्यास तीन किलोवॅटची उभारणी कशास हवी? परंतु "पूर्ण अनुदान सोडूं नका" ह्या एका वाक्यावर अशा घरास मोठा संच गळ्यांत बांधतां येतो. सांगणारा खोटें कांहींच बोललेला नसतो. अनुदान खरें, पट्ट्या खऱ्या, वीजही खरी. त्यानें फक्त त्या घराचें बारा महिन्यांचें बिल पाहिलेलें नसतें, किंवा पाहून न पाहिल्यासारखें केलेलें असतें. उलट, ज्या घरीं पीठगिरणी किंवा दुधाची थंड टाकी आहे, त्यास तोच मोठा संच योग्य ठरूं शकेल. सल्ल्याचा खरेपणा वस्तूंत नसतो. वस्तु आणि घर ह्यांच्या मेळांत असतो.

तिसरा प्रकार अज्ञानाचा. एक घनमीटर गोबरगॅसास रोज सुमारें पंचवीस किलो ताजें शेण आणि तितकेंच पाणी लागतें. दोन घनमीटरच्या संचास पन्नास किलो शेण हवें. गाईबैलाचें शेण रोज सुमारें दहा किलो धरलें, तर दोन बैल व एक गाय असलेल्या घरीं तीस किलोंहून अधिक मिळत नाहीं. आणि बैल दिवसभर शेतांत असले तर त्यांतलेंही कांहीं बांधावरच पडतें. अशा घरास दोन घनमीटरचा संच सुचविणारा मनुष्य कदाचित् अगदीं प्रामाणिक असेल. पण त्यानें गोठ्यांत डोकावून पाहिलेलें नसतें. पुढें संच अर्धपोटीं राहतो, ज्योत मंद येते, आणि दोष मात्र गोबरगॅसच्या माथीं बसतो. दुष्काळी भागांत तितकेंच पाणी उन्हाळ्यांत कोठून आणावयाचें, हा प्रश्नही त्याच सल्ल्याचा भाग आहे.

चौथा प्रकार सल्ला देऊन पाठ फिरविण्याचा. ह्याचा धडा आपल्या देशानें मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १९८३ सालीं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्यें तो केंद्र सरकारनें आंवरता घेतला. ह्या अवधींत तीन कोटींहून अधिक चुली घातल्याची नोंद आहे. परंतु त्यांतल्या पुष्कळशा चुली कांहीं वर्षांतच मोडून पडल्या किंवा बाजूस पडल्या. पुढें हॅना, डफ्लो व ग्रीनस्टोन ह्या अभ्यासकांनीं ओडिशांतील खेड्यांत सुधारित चुली मिळालेल्या घरांची चार वर्षेंपर्यंत पाहणी केली. पहिल्या वर्षीं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या छातींत जाणारा धूर कमी झाल्याचें दिसलें. पुढें तो लाभ उरला नाहीं, कारण चुलीची डागडुजी झाली नाहीं आणि तिचा नेमानें वापरही झाला नाहीं. प्रयोगशाळेंत उत्तम ठरलेली चूल घरांत उत्तम ठरेलच असें नाहीं. चूल कोण पेटविते, भांडें केवढें असतें, भाकरी कशावर भाजली जाते, धुराडें कोण साफ करणार, हें ज्यानें विचारलें नाहीं, त्याच्या सल्ल्यास अर्धा सल्ला म्हणावें लागतें.

हें सर्व आपल्याच देशांत घडतें असेंही नाहीं. ऑस्ट्रेलियांत २००९ सालीं सरकारनें घरांच्या माळ्यांत उष्णतारोधक थर घालण्याची मोठी योजना काढली. थोड्या महिन्यांत दहा लाखांहून अधिक घरांत काम झालें. पण घाईनें उभे राहिलेले अननुभवी ठेकेदार त्यांत शिरले. चार तरुण कामगार मरण पावले, अनेक घरांस आगी लागल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्यें योजना बंद करावी लागली. पुढें चौकशी आयोग बसला. त्याचा अहवाल २०१४ सालीं आला. इंग्लंडांतही घरांच्या ऊर्जाबचतीच्या कामांबद्दल इतक्या तक्रारी झाल्या कीं, सरकारनें पीटर बॉनफील्ड यांजकडून त्या सगळ्या व्यवहाराचें परीक्षण करविलें. डिसेंबर २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत एक गुणवत्ता-चिन्ह, कामाची आचारसंहिता आणि ग्राहकाची सनद असावी, अशी शिफारस होती. त्यानंतर २०१९ सालीं ब्रिटिश मानक संस्थेनें जें मानक प्रसिद्ध केलें, त्यांत घराची पाहणी करणारा, आराखडा आंखणारा, काम उरकणारा आणि मागाहून परिणाम तपासणारा ह्यांचीं कामें वेगवेगळीं सांगितलीं. ह्या दोन्ही देशांत पैसा होता, यंत्रें होतीं, शिकलेले लोक होते. उणीव होती ती सल्ला आणि काम ह्यांस बांधणाऱ्या नियमांची. तो नियम आधीं न करतां मागाहून केला, म्हणजे त्याची किंमत दुसऱ्यांस भरावी लागते.

कोणी म्हणतील, आपल्याकडे कायदा आहे, मग आणखी नियम कशास? कायदा आहे हें खरें. २००१ सालीं ऊर्जा संवर्धन अधिनियम झाला, आणि १ मार्च २००२ रोजीं ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००६ पासून उपकरणांवर तारे लावण्याची पद्धत सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांसही तारे सक्तीचे झाले. ऊर्जा लेखापरीक्षकांसाठीं राष्ट्रीय परीक्षाही आहे. पण त्यांचें काम मुख्यतः कारखाने व मोठ्या इमारती यांच्याशीं येतें. म्हणजे तारा वस्तूवर आहे, परीक्षा कारखान्याच्या सल्लागारास आहे. आपल्या ओसरीवर बसून बिल वाचणाऱ्या मनुष्यास मात्र ह्यांपैकीं कांहींच लागू होत नाहीं. पांच ताऱ्यांचा पंखा खोटा नसतो, पण तो ज्या खोलींत वर्षांतून पंधराच दिवस फिरणार तेथें घ्यावयास लावणारा सल्ला खोटा असूं शकतो. शिवाय ताऱ्यांचें कोष्टक वेळोवेळीं कडक होत जातें; जुन्या कोष्टकांतले पांच तारे नव्या कोष्टकांत तितके राहत नाहींत. हें सल्लागारास ठाऊक नसेल तर तो दुकानांत पडून राहिलेला जुना माल निष्पापपणें खपवून देईल.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा फसव्या जाहिरातींस आणि सदोष सेवेस आळा घालतो. परंतु विनामूल्य दिलेली सेवा त्या कायद्याच्या 'सेवा' ह्या व्याख्येंत येत नाहीं. आतां घरगुती ऊर्जाबचतीचा सल्ला बहुतेक ठिकाणीं फुकटच मिळतो. वस्तु घेतली तर वस्तूबद्दल दाद मागतां येईल. पण नुसत्या फुकट सल्ल्यावर विसंबून ज्यानें दुसरीकडे पैसा घातला, त्यानें कोणाकडे जावें? हीच ती फट आहे, जी कायद्यानें आज बुजत नाहीं आणि जी संस्थांच्या स्वेच्छेच्या बंधनानें बुजवितां येईल.

स्वेच्छेचें बंधन म्हणजे कांहींच बंधन नव्हे, असा एक समज आहे. शेतकऱ्यानें तरी तो बाळगूं नये. शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन यांचा कायदा १९३७ सालीं झाला, आणि त्यांतून ॲगमार्कचें चिन्ह निघालें. कांहीं थोडे पदार्थ वगळले तर हें चिन्ह घेणें ऐच्छिकच आहे. तरी मधाच्या किंवा तुपाच्या डब्यावर गिऱ्हाईक तें शोधतें. बियाण्याचेंही तसेंच. १९६६ च्या बियाणे अधिनियमान्वयें अधिसूचित वाणांस लेबल लावणें सक्तीचें आहे, परंतु प्रमाणीकरण करून घेणें ऐच्छिक आहे. तरी निळ्या टॅगचें प्रमाणित बियाणें आणि उत्पादकाच्या स्वतःच्या भरंवशावर विकलें जाणारें सत्यप्रत बियाणें ह्यांतला भेद आपल्या शेतकऱ्यास कळतो, आणि तो त्याप्रमाणें पैसे मोजतो. भारतीय मानक ब्यूरोचीं बहुसंख्य मानकेंदेखील, सरकारनें खास आदेश काढला नसेल तोंवर, ऐच्छिकच असतात. ज्या चिन्हामागें तपासणी आहे आणि चूक झाल्यास तें काढून घेण्याची तयारी आहे, त्यास बाजारांत मोल येतें. मग तें सक्तीचें असो वा नसो.

तेव्हां घरगुती ऊर्जाबचतीचा सल्ला देणाऱ्या संस्थांनीं कोणते नियम पाळावे? आमच्या मतें पुढील आठ नियम पुरेसे आहेत.

१. हितसंबंध आधीं सांगावा. सुचविलेल्या वस्तूवर संस्थेस किंवा कार्यकर्त्यास दलाली मिळत असेल तर ती किती, हें सल्ल्याच्या कागदावर लिहावें. कार्यकर्त्याचा पगार त्यानें किती माल खपविला यावर ठरूं नये.

२. घर पाहिल्यावांचून सल्ला देऊं नये. मागील बारा महिन्यांचीं बिलें, घरांतील उपकरणें, छप्पर, चूल, गोठा आणि पाण्याची सोय पाहून मगच बोलावें. एका महिन्याच्या बिलावर वर्षाचा हिशेब बांधूं नये.

३. घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईचें म्हणणें ऐकून घ्यावें. चूल, सरपण, पाणी तापविणें ह्या गोष्टींत तिच्याशिवाय दिलेला सल्ला ग्राह्य धरूं नये.

४. सल्ला मराठींत, लेखी आणि हिशेबासह असावा. किती तास, किती वॉट, कोणत्या दरानें आणि किती वर्षांत पैसा फिटेल, हें आकड्यांनीं दाखवावें. विजेचा दर शंभर, तीनशें अशा टप्प्यांनीं चढत जातो. म्हणून वांचलेलें युनिट कोणत्या टप्प्यांतलें, हें धरल्यावांचून केलेला हिशेब खरा नसतो.

५. स्वस्त उपाय आधीं सांगावे. दिवे बदलणें, पत्र्यास चुना फांसणें, शीतपेटी भिंतीपासून चार बोटें दूर ठेवून तिच्या दाराचें रबर तपासणें, ह्या गोष्टी झाल्यावर उरलेल्या गरजेपुरताच मोठा खर्च सुचवावा.

६. जीविताची सुरक्षितता बचतीच्या आधीं धरावी. अर्थिंग नाहीं, गळती होतांच वीज तोडणारा स्विच नाहीं, तारा उघड्या आहेत, असें दिसल्यास तें प्रथम सांगावें. उष्णता अडविण्याच्या नादांत धूर जाण्याची वाट बंद होणार नाहीं हें पाहावें.

७. घरची माहिती घरचीच राहूं द्यावी. ग्राहक क्रमांक, बँकेचें पासबुक, आधार क्रमांक वगैरे गोष्टी कुटुंबाच्या लेखी संमतीवांचून कोणत्याही विक्रेत्यास वा सावकारी कंपनीस देऊं नयेत.

८. एक वर्षानें परत यावें. सांगितलेली बचत झाली कीं नाहीं हें नव्या बिलाशीं ताडून पाहावें, आणि किती घरीं सल्ला फळला व किती घरीं फसला, हे आकडे संस्थेनें दरसाल प्रसिद्ध करावे. तक्रार कोणाकडे करावयाची तें पहिल्याच कागदावर छापलेलें असावें.

ह्यांत एकही नियम असा नाहीं कीं जो पाळण्यास मोठें भांडवल लागावें. लागतो तो वेळ, आणि थोडें शिक्षण. परंतु नियम छापून भिंतीवर लावले म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. त्यांची तपासणी कोण करणार? आमची सूचना अशी कीं, एका तालुक्यांतील संस्थांचें काम दुसऱ्या तालुक्यांतील संस्थांनीं तपासावें. दर शंभर सल्ल्यांपैकीं दहा कागद चिठ्ठ्या टाकून काढावे, त्या दहा घरीं जाऊन विचारपूस करावी, आणि निष्कर्ष मासिकांत छापावा. ज्या संस्थेनें दलाली लपविली असें सिद्ध होईल, तिचें नांव यादींतून काढावें, आणि काढल्याचेंही छापावें. तालुक्यांतालुक्यांत हें फिरतें ठेवलें म्हणजे परस्परांस सांभाळून घेण्याची वृत्तीही फार वाढणार नाहीं.

ह्या सूचनेवर तीन आक्षेप येतील, असें आम्ही धरून चालतों.

पहिला आक्षेप असा कीं, लबाड संस्थाही ह्या नियमांखालीं सही करतील आणि उलट अधिक विश्वासानें फसवतील. हा आक्षेप खरा आहे. आणि म्हणूनच तपासणी व नांव काढणें ह्या दोन गोष्टींस आम्ही नियमांइतकेंच महत्त्व देतों. तपासणीवांचूनची यादी नसलेलीच बरी. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावयाची?

दुसरा आक्षेप लहान संस्थांचा. दोन कार्यकर्त्यांवर चालणारा बचतगट एवढें लिखाण कोठून करणार? ह्यास आमचें उत्तर असें कीं, आठही नियमांचा मिळून सल्ल्याचा एक छापील कागद होतो, त्याच्या दोन बाजू पुरतात. ज्यास तेवढाही कागद भरतां येत नाहीं, त्यानें दिव्यापंख्यांपुरतेंच बोलावें. पन्नास हजारांच्या खर्चाविषयीं बोलूं नये. सल्ल्याचा आवांका आपल्या ज्ञानाइतकाच ठेवणें, ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आमच्या संघांतील मित्रांकडूनच येईल. दलाली सोडली तर सल्ला-केंद्राचा खर्च कशांतून चालवावयाचा? दलाली सर्वथा वर्ज्य करावी असें आम्ही म्हणत नाहीं. सहकारी भांडारास विक्रीवर अडत्या मिळतात, त्यावर भांडार उभें असतें, हें आम्हांस ठाऊक आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, भांडाराचा विक्रेता आणि घरीं जाणारा सल्लागार ह्या दोन व्यक्ति असाव्या, दोघांचे हिशेब निराळे असावे, आणि मिळालेली अडत सभासदास दिसावी. सल्ल्यासाठीं थोडी फी घ्यावी, हेंही आम्हांस अनुचित वाटत नाहीं. किंबहुना फी घेतल्यानें तो सल्ला कायद्याच्या दृष्टीनें 'सेवा' होतो आणि सभासदास दाद मागण्याचा हक्क येतो. फुकट मिळालेल्या सल्ल्याची किंमत शेवटीं कोणीतरी देतोच. ती आधीं, उघडपणें आणि थोडी दिलेली बरी.

हा प्रश्न आज आमच्या संघापुढें नुसत्या चर्चेचा राहिलेला नाहीं. सौरपट्ट्या, पंखे आणि गोबरगॅसचे संच संघाच्या भांडारांतून विकावे आणि गांवोगांव जाऊन त्यांचा सल्लाही द्यावा, अशी मागणी कांहीं सभासदांनीं केली आहे. ती मागणी योग्य आहे. संघानें हें काम केलें नाहीं तर दलाल तें करतीलच. परंतु संघाची शिफारस आणि दलालाची शिफारस ह्यांत सभासदास फरक दिसला पाहिजे. ज्या शेतकऱ्यानें संघाच्या वजनकांट्यावर विश्वास ठेवून आपलें धान्य घातलें, तो संघाच्या शब्दावर विश्वास ठेवून छपरावर कर्ज घालील. त्याचा तो विश्वास हीच संघाची खरी ठेव आहे. आणि ती एकदां गेली तर कोणत्याही अडतीनें भरून निघणारी नाहीं.

म्हणून येत्या वार्षिक सभेंत पुढील तीन ठराव यावे, असें आम्ही सुचवितों. संघानें वरील आठ नियम, योग्य त्या दुरुस्त्यांसह, स्वीकारावे. भांडाराची विक्री आणि घरगुती सल्ला ह्यांचे कार्यकर्ते व हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. आणि शेजारच्या तालुक्यांतील संघांस परस्पर-तपासणीसाठीं पत्रें लिहावीं. सभासदांनींही आपल्याकडून एक गोष्ट करावी: मागील बारा महिन्यांचीं बिलें एका दोऱ्यांत ओंवून ठेवावीं, आणि जो कोणी सल्ला द्यावयास येईल त्याच्यापुढें तीं ठेवून, ह्या वस्तूवर आपणांस काय मिळतें, हा प्रश्न पहिल्यानें विचारावा. जो ह्या प्रश्नाचें सरळ उत्तर देईल त्यास बसावयास घोंगडी द्यावी. जो टाळील, त्यास चहा देऊन वाटेस लावावें.